राजलक्ष्मी व्हायचंय का तुला?

निमगाव केतकी,
१६ जून २०२४

राजलक्ष्मी मावशी,

नमस्कार. तुम्ही मला ओळखणार नाही. मी निकिता, पणदऱ्याच्या मनिषाची मुलगी. माझी आई आणि तुम्ही मावसबहिणी. मी दुसरीत असताना तुमचे वडील, तात्या आजोबा, आजारी होते. तेव्हा आई मला घेऊन बारामतीला आली होती. त्यानंतर आपली भेट नाही.

पत्र लिहितेय कारण फोन नाही. मी यंदा बारावी सायन्सला आहे आणि परीक्षा होईपर्यंत माझा फोन पप्पांच्या कपाटात कुलपात आहे. घरातल्या फोनवर बोललं की आजीला सगळं ऐकू येतं.

रागावणार नसाल तर सांगते. आमच्या घरात तुमचं नाव आठवड्यातून दोनदा तरी निघतं. मी म्हटलं, मला बीएस्सी करायचंय, की आजी म्हणते, "राजलक्ष्मी व्हायचंय का तुला?" लग्नकार्यात कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले की, "झाली राजलक्ष्मी." मला चष्मा लागला तेव्हासुद्धा तुमचंच नाव निघालं. म्हणजे फार शिकलं की लग्न राहतं, माणसं तुटतात, एकटीनं जेवावं लागतं, असं.

म्हणून तुम्हालाच विचारते. हे खरं आहे का? तुम्ही रोज एकट्या जेवता का? तुम्हाला पश्चात्ताप होतो का?

आमचे फिजिक्सचे सर चांगले आहेत, पण ते म्हणतात, पोरींनो, तुमचं पाठांतर चांगलं, तुम्ही बायोलॉजीवर जोर द्या, फिजिक्सला डोकं लागतं. वर्गात आम्ही बत्तीस मुली आहोत. कुणी काही बोलत नाही. मीपण नाही बोलले.

उत्तर घरी पाठवू नका. खालच्या पत्त्यावर पाठवा. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या मॅडम देतील मला.

तुमची,
निकिता

बारामती,
२६ जून २०२४

प्रिय निकिता,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. माझ्या नावाची म्हण झालीय हे मला माहीत नव्हतं.

एक एक घेऊ. हो, रात्रीचं जेवण मी बहुतेक एकटी जेवते. दुपारचा डबा आम्ही पाचजणी मिळून खातो आणि त्यात माझी भाजी कुणालाच आवडत नाही. लग्न राहिलं हे खरं. शिक्षणानं राहिलं की कसं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पश्चात्ताप? काही गोष्टींचा होतो. शिकल्याचा नाही.

मी इथं एका संशोधन केंद्रात फळबागांच्या रोगांवर काम करते. डाळिंब, द्राक्ष, पेरू. आठवड्यातले तीन दिवस शेतावर, उरलेले प्रयोगशाळेत. बागेत गेले की शेतकरी माझ्या मागं बघतात. परवा कऱ्हाटीला एका आजोबांनी विचारलं, "ताई, सायेब गाडी लावायला थांबल्यात का?" मी म्हटलं, साहेब मीच. त्यांनी पाणी दिलं, बाज टाकली, आणि तरी दहा मिनिटं रस्त्याकडं बघत होते. आता सवय झालीय. एकदा मुळं हातात घेऊन बोलायला लागले की ऐकतात. मग जाताना "डॉक्टरीणबाई, पुन्हा या" म्हणतात.

तुझ्या सरांच्या बोलण्यावर तू गप्प बसलीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण गप्प बसण्याची सवय लागते, तेवढं लक्षात ठेव.

आता माझं काम. पुढच्या पत्रात माझ्याबद्दल विचारू नकोस. तुझ्या शेतात तू स्वतः बघितलेली, पण तुला कारण न कळलेली एक गोष्ट लिही. आणि मावशीला तुम्ही म्हणत नाहीत.

राजलक्ष्मी मावशी

निमगाव केतकी,
३० ऑगस्ट २०२४

मावशी,

तू सांगितलंस म्हणून मी दोन महिने गोष्ट शोधत होते. आता गोष्टच घरावर आलीय.

आमची डाळिंबं मरायला लागलीत. सहाशे झाडं आहेत, सत्तावीस वाळली. पप्पांनी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला बुरशी आहे, आणि औषध दिलं. दोनदा ओतून झालं, तरी झाडं वाळतातच. पप्पा अर्धी भाकरी टाकून उठतात.

मी वहीत बागेचा नकाशा काढला. प्रत्येक झाडाला एक चौकोन, वाळलं की काट. काट मारता मारता दिसलं की सगळी वाळलेली झाडं वरच्या कोपऱ्यातून खाली उताराला येतायत. वरच्या कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणलेली नवी रोपं लावली होती. पाऊस झाला की पाणी तिथूनच खाली वाहतं.

मग मी एक वाळायला लागलेलं झाड उकरलं. बारीक मुळांना गाठी आहेत, तांदळाच्या दाण्याएवढ्या, काही मोठ्या. चांगल्या झाडाच्या मुळांना नाहीत. पप्पांना दाखवलं तर म्हणाले, "मुळी म्हणल्यावर गाठी आसायच्याच. जा, अभ्यास कर."

शेजारच्या छबूबाई सोमवारी दवाखान्यासाठी बारामतीला येणार आहेत. त्यांच्याकडं मुळं आणि माती पिशवीत देते. माती मुळांजवळची, वीतभर खोल खणून घेतलीय. ओली आहे, सावलीत ठेवलीय. नकाशापण देतेय.

निकिता

बारामती,
९ सप्टेंबर २०२४

प्रिय निकिता,

माती वाळू दिली नाहीस, हे तुला कुणी सांगितलं? शिकलेली माणसं उन्हात तापलेली माती प्लॅस्टिकमध्ये कोंबून आणतात.

तुझं बरोबर आहे. बुरशी थोडी आहे, पण ती नंतर आलेली. मूळ दुखणं सूत्रकृमीचं. डोळ्यांना न दिसणारा, दोऱ्यासारखा जीव. तो मुळात शिरतो, तिथं गाठ होते, आणि झाडाला पाणी असून पिता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तुझ्या मातीतलं पाणी ठेवलं तर नुसती वळवळ दिसली. मी शेजारच्या टेबलावरच्या दोघींना बोलावून दाखवलं. तुझा नकाशाही दाखवला. रोपांबरोबर आला असणार, हे तू नकाशावरून ओळखलंस, आम्ही नंतर.

काय करायचं ते सोबतच्या कागदावर लिहिलंय. झाडांच्या ओळींत झेंडू लावायचा, निंबोळी पेंड टाकायची, आणि सूत्रकृमींना खाणारी एक उपयोगी बुरशी मिळते ती शेणखतात मिसळून द्यायची. पाणी वरच्या कोपऱ्यातून खाली वाहू द्यायचं नाही, चर काढायचा. मेलेली झाडं परत येणार नाहीत. बाकीची वाचतील.

अहवालावर एक रकाना असतो, 'नमुना घेणाऱ्याचे नाव'. तिथं तुझं पूर्ण नाव घातलंय. तो कागद पप्पांच्या हातात दे.

मावशी

निमगाव केतकी,
२० ऑक्टोबर २०२४

मावशी,

पंधरा दिवसांत नवं झाड वाळलेलं नाही! एकेचाळीसवर थांबलं. झेंडूची कळ्या आलेली रोपंच आणून लावली होती, तो एवढा फुलला की दसऱ्याला बाग पिवळी दिसत होती.

पप्पांनी अहवाल दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी चर काढायला माणसं लावली. मला एवढा आनंद झाला की विचारू नकोस. मग बुधवारी मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले. तिथं चौघांनी विचारलं, विजयसिंह, बाग कशी काय वाचवली? आणि पप्पा म्हणाले, "आमच्या अविराजनं शोधून काढलं." अविराज म्हणजे माझा चुलतभाऊ. शेतीचा डिप्लोमा करतो. तो आमच्या बागेत जूनपासून आलेलाच नाही. मी बाजूला पिशवी धरून उभी होते. घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

जाऊ दे. मला तू आहेस. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा झाली, विषय 'माझा आदर्श'. सगळ्यांनी मोठ्या मोठ्या लोकांवर भाषणं पाठ केली. मी तुझ्यावर बोलले. डॉ. राजलक्ष्मी, माझी मावशी, पणदऱ्यासारख्या गावातून जाऊन शास्त्रज्ञ झाली, डॉक्टरेट मिळवली. दुसरा नंबर आला. फिजिक्सच्या सरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मी ठरवलंय. मीपण तुझ्यासारखंच लग्न करणार नाही. शास्त्रात जायचं तर दोन्ही होत नाही, हे आता मला कळलंय. आजीला सांगून टाकलं. फार मोठं भांडण झालं. पप्पा म्हणाले, बारावी झाली की इंदापूरला बीए कर, नाहीतर जी स्थळं येतायत ती बघू.

पण मी घाबरलेली नाही.

निकिता

बारामती,
४ नोव्हेंबर २०२४

निकिता,

हे पत्र मी चार दिवस लिहितेय.

मी डॉक्टर नाही. शेतकरी म्हणतात, केंद्रात पाहुणे म्हणतात, एकदा दारावरच्या पाटीवर कुणीतरी चुकून 'डॉ.' लिहिलं. पहिल्यांदा मी दुरुस्त केलं. मग कंटाळले. मग गोड वाटायला लागलं. तुला पहिल्या पत्रात मी ते मुद्दाम खोडून काढलं नाही. मी एमएस्सी केलं, पीएच.डी.ला नाव घातलं, आणि २०१२ साली सोडलं. तात्या आजारी पडले, घरी कुणी नव्हतं. आता मी संशोधन सहायक आहे. शोधनिबंधात आभार मानायच्या ओळीत माझं नाव येतं.

आणि लग्न न करणं हे मी शास्त्रासाठी केलेलं व्रत नाही. एक-दोनदा जुळता जुळता राहिलं, मग वय झालं, मग माझं मला बरं वाटायला लागलं. माझ्या टेबलाशेजारच्या दोघींची लग्नं झालीयत, एकीला दोन मुलं आहेत, आणि तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुझ्या आजीचं आणि तुझं म्हणणं एकच झालं बघ. दोघींनाही वाटतं, बाईला एकच काहीतरी मिळतं.

तू स्टेजवर उभी राहून माझ्यामुळं खोटं बोललीस. तुझा त्यात दोष नाही.

रागाव. पण अभ्यास सोडू नकोस.

राजलक्ष्मी

निमगाव केतकी,
१२ जानेवारी २०२५

राजे,

किती वर्षांनी तुला राजे म्हणतीया. माझं अक्षर वळखलंस का? लिहायची सवय मोडलीया, सांभाळून घे.

काल पालकांच्या मीटिंगला गेले व्हते. ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या, निकिताचं पत्र नोव्हेंबरात आलं, तिनं हितंच वाचलं, टेबलावर टाकलं अन पुन्ना न्यायला आली न्हाय. त्यांनी माझ्या हातात दिलं. मी यष्टीत वाचलं. मग घरी येऊन तिच्या दप्तरातली बाकीची पण वाचली. पोरीच्या पाठीमागं वाचली, ते चुकलं.

आता कळलं दोन म्हैने ती अशी का झालीया. अभ्यास करती, पण यंत्रासारखा. बीएस्सीचं नाव काढत न्हाय. आजीला वाटतं, पोरगी शहाणी झाली.

तुला एक सांगायचं हाय. ती म्हण आमच्या सासूबाईंची न्हाय. ती हितं मी आणली. लग्न होऊन वरीस झालं व्हतं. तू बारावीला पैली आल्याचं पणदऱ्याहून कळलं. सासूबाई म्हणाल्या, तुझी बहीण लई हुशार दिसती. मी म्हणाले, व्हय, पर आमाला न्हाय बाई राजलक्ष्मी व्हायचं. सगळी हसली. मला बरं वाटलं. दहावीला गणितात मला दीडशेपैकी एकशेबेचाळीस व्हते अन तुला एकशेदहा, तुला आठवतं का? तुझी गणितं मी सोडवून द्यायचे. मला अकरावीतनं काढलं, तू गेलीस. तू गेलीस हे मला बघवत न्हवतं. म्हणून बोलले. मग ते वाक्य घरात राहिलं, अन आता माझ्याच पोरीच्या अंगावर येतंय.

तू पीएच.डी. सोडलीस हे वाचून मला आतनं बरं वाटाय पायजे व्हतं. न्हाय वाटलं. रडू आलं.

अजून एक. तात्या आजारी पडले २०१५ ला. निक्की तवा दुसरीत, तिला घेऊन मी बघायला आले व्हते. तू सोडलंस २०१२ ला. राजे, आकडे मला अजून कळत्यात. का सोडलंस ते मी विचारत न्हाय. पर पोरीला सांगायचं तर पुरं सांग, न्हायतर नको सांगूस.

निक्कीशी मी बोलते. माझी पाळी हाय.

मनी

निमगाव केतकी,
१९ मे २०२५

मावशी,

सात महिन्यांनी लिहितेय. माफ कर. मला तुझा राग तू डॉक्टर नाहीस म्हणून आलेला नव्हता. सगळ्या वर्गासमोर मी तोंडघशी पडले असं वाटलं. मग जानेवारीत आईनं मला मागच्या ओट्यावर बसवून तिचे आणि तुझे दहावीचे मार्क सांगितले. मला आयुष्यात माहीत नव्हतं की आईला गणित येतं. ती म्हणाली, "कुणी इचारलं न्हाय." त्या दिवसापासून रोज रात्री जेवणं झाली की तिला माझ्या पुस्तकातलं एक गणित दाखवायचे. तिला इंग्रजी शब्द अडायचे, गणित नाही.

बारावीला एक्याऐंशी टक्के पडले. फिजिक्सला अठ्ठ्याऐंशी.

बारामतीच्या बीएस्सीचा फॉर्म आणून ठेवला होता, पण पप्पा बीएलाच अडून होते, सही करेनात. आणि मग परवाची सभा झाली.

समाजमंदिरात डाळिंबवाल्यांचा मेळावा होता. दादासाहेब अध्यक्ष. आम्ही बायका मागं, दाराजवळ. दादासाहेबांनी पप्पांना उभं केलं, बाग कशी वाचवली सांगा. पप्पांनी नेहमीसारखं अविराजचं नाव घेतलं. अविराजला माईकवर बोलावलं. दोन वाक्यं तो बोलला. मग रामहरी काकांनी विचारलं, माती कुठली घ्यायची, वरची का खालची? वाळलेल्या झाडाची का हिरव्या?

अविराजनं माझ्याकडं बघितलं. माईक हातात धरून उभा. मग म्हणाला, "खरं सांगू का, मला न्हाय माहीत. बागेत मी गेलोच न्हाय. निक्कीनं काढलंय ते समदं. तिला इचारा."

सगळे मागं वळले. आईनं पाठीत एक ढुसणी दिली. मी पुढं गेले. माईक घेतला नाही. तशीच बोलले. पूर्ण वाळलेल्या झाडाखालची माती घेऊ नका, तिथं जीव शिल्लक नसतात, वाळायला लागलेल्या झाडाची घ्या, वीतभर खोल, मुळांसकट. नकाशा कसा काढायचा ते जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. काका लोक उठून भोवती उभे राहिले.

दादासाहेब म्हणाले, "कुणी शिकवलं गं तुला?" मी म्हटलं, माझ्या मावशीनं. राजलक्ष्मी मावशी बारामतीला संशोधन सहायक आहे. ती डॉक्टर नाही. पण आमच्या मातीतला किडा तिनं बघितलाय.

मग एकानं विचारलं, माझं सव्वादोन एकर, एकरी तीनशेचाळीस झाडं, झाडाला दोन किलो पेंड, तर पन्नास किलोच्या गोण्या किती? तिघाचौघांनी फोन काढले. ते बटणं दाबतायत तोवर मागून आवाज आला, "एकतीस. शेवटच्या गोणीतली वीस किलो उरती."

आई होती. पदर नीट करत उभी होती. कुणीतरी फोनवर बघून म्हणालं, "बराबर हाय की."

पप्पा खाली मान घालून बसले होते. घरी येताना पुढं पुढं चालले. आल्यावर पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "बाजारात मी चुकीचं बोललो व्हतो. पोरीचं नाव घेतलं तर लोकं हसतील वाटलं." थोड्या वेळानं म्हणाले, "त्या फॉरमवर सही कुठं करायची?"

आजी आतून म्हणाली, "म्हंजी राजलक्ष्मी व्हायचंय का हिला?"

आई म्हणाली, "तिला निकिता व्हायचंय. अन राजीचं नाव आता असं घ्यायचं न्हाय ह्या घरात."

आजी जेवली नाही त्या रात्री. पण सकाळी माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली, बारामतीला न्यायला. अजून महिना आहे जायला, चटणी संपेल.

मी तुझ्याकडं राहू का?

निकिता

बारामती,
१३ जुलै २०२५

मने,

पोरगी रुळली. पहिल्या रात्री उशीत तोंड घालून रडली, मी झोपल्याचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलाशी भांडून आली. तो म्हणाला, प्रयोग आम्ही करतो, तू वहीत उतरव. आता ते आळीपाळीनं करतात. रात्रीचं जेवण आता दोघींचं होतं, आणि माझी भाजी तिलाही आवडत नाही. तिनं स्वयंपाक हातात घेतलाय.

पाटी मी बदलून घेतली. रंगाऱ्याला सांगितलं, 'डॉ.' काढ. तो म्हणाला, बाई, नोकरी गेली का? केंद्रात दोन दिवस कुजबुज झाली. मग साहेबांनी बोलावून विचारलं, तुम्ही पीएच.डी. पुरी का करत नाही? तेरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी तरी कुणाला कुठं सांगितलं होतं?

जुनी नोंदणी रद्द झालीय. पहिल्यापासून करायला लागेल. अर्ज आणला आणि तीन आठवडे टेबलावर पडून राहिला, कारण त्यात एक रकाना आहे: 'शिक्षण खंडित झाल्याचे कारण'. मी लिहिलं, वडिलांचं आजारपण. मग तुझं पत्र आठवलं. खोडलं. लिहिलं, घरगुती अडचण. तेही खोडलं. काल निकिता माझ्या मागं उभी राहून वाचत होती. म्हणाली, "मावशी, झालं काय होतं?"

मने, तू विचारलं नव्हतंस. तरी तुला सांगते, तिला सांगितलं तसंच. तिसऱ्या वर्षी माझा एक प्रयोग फसला. सगळ्यांचेच फसतात. माझ्याबरोबरच्या मुलाचा तर दोनदा फसला होता. त्याला आमचे गाईड सर म्हणाले, पुन्हा लाव. मला म्हणाले, "तुम्ही मुली तशाही शेवटी सोडूनच जाता, उगीच जागा कशाला अडवायची?" ओरडले नाहीत. चहा पीत, मायेनं बोलले. त्या खोलीत तेव्हा एकही बाई नव्हती, की जिच्याकडं बघून मला वाटावं, हे खोटं आहे. मी आठवडाभर वाट बघितली, मग सामान उचललं. कुणी हाकललं नाही मला. म्हणून तर सांगायची लाज वाटत होती.

निकितानं खाडाखोड झालेला अर्ज उचलून बाजूला ठेवला. मग नवा कोरा अर्ज माझ्यापुढं सरकवला.

त्या रकान्यात तीनच ओळींची जागा आहे. मी लिहिलं: मुली मध्येच सोडून जातात, असं मला सांगण्यात आलं. माझा त्यावर विश्वास बसला. आता नाही.

आज सकाळी अर्ज टपालात टाकला.

राजी